संत अंतोनीची मेणबत्ती

गणितात पीएचडी करणाऱ्या ऋतिकाने आपल्या प्रबंधातलं प्रमेय कॉलेजच्या ग्रंथपाल पॉलिनबाईंना लिहून दिलं. "मॅडम, हे आधी कुणी सिद्ध केलंय का, जरा शोधाल? सरांनी बघून घ्यायला सांगितलंय."

दर शनिवारी ती बोळिंजहून यायची, "मिळालं का?" विचारायची आणि "नाही गं" ऐकलं की हसून "असू दे, मॅडम" म्हणायची. निराशा लपवायला पोरगी बिचारी हसते, या विचाराने पॉलिनबाईंच्या जिवाला घोर लागला. आपल्या लायब्ररीतून कुणी रिकाम्या हाताने गेलेलं त्यांना खपत नसे. शेवटी त्यांनी भुईगावच्या चर्चमध्ये, हरवलेलं शोधून देणाऱ्या संत अंतोनीपुढे मेणबत्ती लावली, आणि त्याच आठवड्यात एका जुन्या रशियन नियतकालिकात ते प्रमेय सापडलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत सिद्ध केलेलं.

झेरॉक्स हातात पडताच ऋतिका मटकन खुर्चीत बसली.

"देव पावला बघ," पॉलिनबाई कौतुकाने म्हणाल्या.



"तुमचा पावला, मॅडम. माझ्याआधी हे कुणी सिद्ध केलेलं निघू नये, म्हणून मी जीवदानी देवीला नवस बोलले होते."