फळीच्या मध्यावर

गाडी हलेना. त्याने दोन बोटांनी ती जराशी पुढे ढकलून पाहिली, मग मागे. स्वयंपाकघरातल्या त्या रंगवलेल्या फळीवर ती जणू उगवली होती.

“ओढू नका हं,” म्हातारी मागून म्हणाली.

“नाही ओढत, मावशी. चाकांचं रबर रंगाला धरून बसलंय. वर्षानुवर्षं एका जागी राहिली की गाडी अशी चिकटते.”

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्ट चालू करून इथे आला, तर या इमारतीची बंद. चार मजले चढून गुडघे बोलायला लागले होते. पण समोर तो होता: तळहातावर मावेल एवढा, ओतीव धातूचा, हिरवा घोडा. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला ट्रकवाले घोडाच म्हणतात. कंपनीने हा नमुना थोडाच काळ काढला आणि बंद केला. त्याच्याकडे जोडीचा लांब ट्रेलर होता, आणि तो कित्येक वर्षं कपाटात एकटाच उभा होता.

“लोकांकडे वरातीमागून का होईना, घोडं येतं,” बायको म्हणायची. “आपल्याकडे तेही येत नाही.”

शेवटी त्याने खेळण्यांच्या जुन्या दुकानात चिठ्ठी चिकटवली होती. हिरवा घोडा हवा, ट्रेलर माझ्याकडे आहे. खूप दिवसांनी या बाईंचा फोन आला. “गाडी माझ्याकडे आहे. ट्रेलर घेऊन या.” म्हातारी पक्की दिसते, त्याला वाटलं. जोडून दाखवणार आणि मग भाव वाढवणार. जिने चढताना त्याने घासाघिशीची वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

त्याने खिशातून भिंग काढलं. संग्रह करणारा माणूस आधी चाकं बघतो, मग तोंड. चाकं पार गुळगुळीत झाली होती. तो बुचकळ्यात पडला. चाकं झिजली म्हणजे गाडी रोज फिरत होती. रबर चिकटलं म्हणजे ती कधी हललीच नाही.

“पोरांनी खेळून घेतलंय वाटतं बरंच.”

“पोरं कुठली? मीच.” तिने चहाचं आधण ठेवलं. “हे अशीच गाडी चालवायचे. लांबच्या खेपा. रोज संध्याकाळी फोन करायचे, आज इथवर आलो म्हणून. तेवढी मी गाडी पुढे सरकवायची. फळीचं ते टोक म्हणजे माल भरायची जागा. आणि हे घर.”

अलीकडच्या टोकाला एक काडेपेटी उभी होती.

“काड्या संपल्या की नवं घर आणायचं,” ती म्हणाली आणि एवढंसं हसली.

गाडी फळीच्या बरोबर मध्यावर होती.

“मग एका संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी आला, पण तो ह्यांचा नव्हता.”

गॅसवर पाणी वाजायला लागलं. तिने आच कमी केली.

“किती वेळा वाटलं, ढकलावी बाई आता, आणावी घरी. पण मागे भरलेला ट्रेलर होता. माल वाटेत टाकून हे कधी आले नाहीत. नुसता घोडा घेऊन कसे येतील?” मग तिने त्याच्या पिशवीकडे पाहिलं. “तुमचा तो ट्रेलर... विकायचाय ना?”

इतकी वर्षं तो घोडा शोधत होता. घोडा असलेलं कुणीतरी ट्रेलर शोधत असेल, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

पिशवी त्याने थोडा वेळ मांडीवरच धरून ठेवली. मग म्हणाला, “मावशी, गरम पाणी आणि शिवणाचा दोरा द्या.”

गरम फडक्याने त्याने एकेक चाक शेकलं. दोरा खालून हळूहळू करवतीसारखा फिरवला. गाडी सुटली. फळीवर चाकांचे काळे ठसे राहिले. त्याने पिशवीतून ट्रेलर काढला, कागद सोडला, मागे लावला. टक् असा आवाज झाला. किती वर्षं त्याला तो आवाज ऐकायचा होता. ऐकला आणि तो बाजूला झाला.

म्हातारीने गाडी ढकलली. गुळगुळीत चाकं घसरत, अडखळत फिरायला लागली. वाटेत एके ठिकाणी तिने हात थांबवला.

“इथे चहाला थांबायचे.”

मग गाडी पुन्हा निघाली आणि काडेपेटीला अगदी टेकली.

“दमले असतील,” ती म्हणाली.

ती पाकीट घेऊन आतून आली तेव्हा तो चपला घालून जिन्यात पोचला होता. उतरताना गुडघे अजूनच बोलत होते.

घरी बायकोने दार उघडलं. “मिळाला का घोडा?”

“मिळाला. जोडी जमली एकदाची.”

तिने पिशवी चाचपली. पिशवी रिकामी होती. “मग कुठंय?”

तो खुर्चीत बसला. पाय लांब केले.

“घरी पोचली.”