चोवीस बाइट

सी भाषेतल्या आमच्या प्रोग्रॅममध्ये मेमरीची झाडलोट करणारा गार्बेज कलेक्टर आहे. कुणीच वापरत नसलेली माहिती तो बिनदिक्कत टाकून देतो. कशाला हात लावायचा नाही, ते प्रोग्रॅम कम्पाइल करण्याआधीच यादी करून त्याला सांगून ठेवावं लागतं.

ती यादी तपासताना मला एक अडगळ दिसली आणि माझे हात शिवशिवले. यादी केली होती आमच्या सीनियर ताईंनी.

"ताई, हे चोवीस बाइट कुणीच वापरत नाही. उडवू?"

"राहू दे रे," स्क्रीनवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "त्याला जागा ती कितीशी लागते!"

राहवेना म्हणून मी ते उघडून पाहिलं.



आत एक नाव होतं. जन्म आणि मृत्यू, दोन्हींपुढे एकच तारीख होती.