चोरटी हवा

“इंजिन कुठूनतरी चोरून हवा घेतंय,” म्हणत माझ्या वडिलांनी, अप्पांनी, रबरी नळीचं एक टोक माझ्या कानाला लावलं आणि दुसरं इंजिनावर फिरवलं. “ऐकू आली का फुसफुस, बाईसाहेब?” मला ऑफिसची घाई होती. “हो हो,” म्हणून मी निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा उठलेच नाहीत.

तीन महिन्यांनंतरही गाडी सिग्नलला थांबली की थरथरून बंद पडायची. “ताई, हिच्यात आता काही राम राहिला नाही. भंगारात द्या,” मेकॅनिक म्हणाला. मी त्याला उद्या यायला सांगितलं आणि डिकीतून अप्पांची नळी काढली.

इंजिन चालू ठेवून मी प्रत्येक जोडापाशी नळी नेली. तिसऱ्या खेपेला, एका जाड होज पाइपच्या खालच्या अंगाला, कानात बारीक शीळ वाजली. चाचपडत बोट तिथे नेलं, तर तिथल्या चिरेनं ते आत ओढून धरलं. थरथर थांबली. इंजिन एका लयीत चालू लागलं.

बोट तसंच ठेवून मी मोठ्यानं म्हणाले, “अप्पा, त्या दिवशी मी खोटं बोलले. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. आज आलं!”