वाद टाळा

साहेब, शालनवर मार खायची पाळी आणलीत ती तुम्ही. तिनं आरोग्य खात्याचं ओळखपत्र मागितलं, तुम्ही व्याख्यान दिलंत: परक्या वस्तीत नजर खाली ठेवा, मागे कुणी आलं की गल्ली बदला, वाद टाळा.

शालन गुणी बाई. घरोघरच्या पिंपांत डासांच्या अळ्या शोधायला गेली आणि अगदी तशीच वागली. खाली मान घालून या गल्लीतून त्या गल्लीत. शेवटी लोकांनी घेरलंच. "पोरं पळवणारी दिसतेय. तोंड कसं लपवतेय बघा! कार्ड दाखव." कार्ड कुठलं? एका म्हातारीनं तिची पिशवी ओढली.

तेव्हा मात्र शालन तुमची सगळी शिकवण विसरली. "ए आजे, सोड पिशवी! पिंपात अळ्या पाळायच्या तुम्ही, आणि चोर ठरवायचं मला? चल, उघड झाकण!"

म्हातारी खूश झाली. "जाऊ द्या रे हिला. चोरटी बाई एवढ्या हक्कानं भांडत नसते. ये गं पोरी, चहा पी."

वाद टाळला नाही म्हणून वाचली. पण साहेब, गल्लोगल्ली अशी म्हातारी भेटणार नाही. आम्हाला ओळखपत्र कधी देताय, तेवढं बोला!