पाहुण्याची खुर्ची

पाहुण्यांनी मुंगीच्या ताटाजवळचा चमचा उचलला आणि उजवीकडून डावीकडे ठेवला. मग तिचा उकडलेला बटाटा घेतला, साल काढली आणि सोललेला बटाटा तिच्या ताटात परत ठेवला.

मोठ्या ताईंच्या हातातला डाव हवेतच राहिला. मुंगी डावखुरी आहे आणि सालीला तोंड लावत नाही, हे कळायला त्यांना स्वतःला कितीतरी दिवस लागले होते. हा माणूस तर आत्ता येऊन बसला होता.

ताईंच्या अनाथाश्रमाची एक रीत होती. जेवणाआधीच्या प्रार्थनेत मुली प्रभूला पाहुणा म्हणून बोलवत. नुसतं तोंडदेखलं आमंत्रण बरं दिसत नाही, म्हणून टेबलाच्या टोकाला एक खुर्ची आणि एक वाढलेलं ताट तयार असे. जेवणाच्या वेळी दारात येईल तो तिथे बसे. त्याला नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. कोणाच्या रूपात कोण येईल, काय सांगावं? आजवर एक वाट चुकलेला टपालवाला आला होता, एक छत्रीदुरुस्तीवाला आला होता. एक आजीबाई तर जाताना मिठाची बाटलीही घेऊन गेल्या. ताईंनी त्यावरही काही विचारलं नव्हतं.

मुंगी त्या खुर्चीला लागूनच बसे. आईला पुरून आल्यावर शेजारणीने तिला इथे आणून सोडलं होतं. तेव्हापासून ती एक अक्षर बोलली नव्हती. जेवायची मुंगीएवढं, म्हणून मुलींनी हे नाव पाडलं होतं. डॉक्टरांनी शेवटी स्पष्टच सांगितलं होतं, "ताई, पोरगी खात नाही, बोलत नाही. मी पुन्हा येईन तेव्हा असंच असेल, तर तिला मोठ्या इस्पितळात हलवावं लागेल." त्या इस्पितळातून परत आलेलं मूल ताईंनी अजून पाहिलं नव्हतं. ती वेळ येऊ नये म्हणूनच त्या रोज गुडघे टेकत होत्या.

पाहुणे पहिल्यांदा आत आले तेव्हा मुंगी टेबलाखाली सरकली होती. ते वाकले, तिच्या कानाशी काहीतरी बोलले. ती बाहेर आली, ताठ बसली आणि जेवली. सगळं.

"माझ्या हातचं या पाहुण्यांसारखं ताट पुसून कधी कोणी खाल्लं नाही," स्वयंपाकीण मावशी भांडी विसळताना म्हणाली. "माझ्या नवऱ्यानंही नाही."

"तुमच्या नवऱ्याची आणि यांची बरोबरी करू नका, मावशी," ताई म्हणाल्या.

"अगं बाई. म्हणजे तुम्हाला वाटतं की…"

"मला काही वाटत नाही. तुम्ही पातेलं घासा."

पण वाटत होतं. पाहुणे रोज येऊ लागले. फारसं बोलत नसत. ते आले की टेबलावरची कुजबुज आपोआप थांबे, नळ ठिबकलेला ऐकू येई. चाळीस वर्षं प्रार्थना करणाऱ्या बाईला अशी शांतता ओळखू येते, असं ताईंना वाटायचं.

मुलींमध्ये दातपडकी म्हणून एक छोटी होती. एकदा तिने सरळच विचारलं, "तुमच्या हाताला भोकं आहेत का?"

मावशीने तिला डोळ्यांनी दटावलं. पाहुणे मात्र हसले आणि त्यांनी दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले.

"भोक नाहीये," दातपडकीने सगळ्यांना सांगितलं. "पण खूण आहे."

अंगठ्याच्या बुडाशी अर्ध्या चंद्रासारखा पांढरा वण होता. ताईंनी बघून न बघितल्यासारखं केलं. डोक्यावरचे केससुद्धा ज्याने मोजलेत, त्याला कोणत्या लेकराला साल चालत नाही हे ठाऊक असणारच.

डॉक्टर आले ते नेमके जेवणाच्या वेळी. भिंतीशी उभं राहून बघत राहिले. मुंगी एकेक घास चावत होती. शेवटी तिने पावाच्या तुकड्याने ताट पुसलं, तो तुकडा गिळला आणि लखलखीत ताट पाहुण्यांसमोर तिरकं धरलं.

"संपलं," ती म्हणाली.

मावशीने पदर तोंडाला लावला. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "ताई, तुमचं औषध माझ्यापेक्षा भारी निघालं," ते म्हणाले. "राहू दे तिला इथेच."

त्यांना फाटकापर्यंत पोचवून ताई परत आल्या आणि इतक्या वर्षांत जे केलं नव्हतं ते त्यांनी केलं. पाहुण्यांना राहायला बोलावलं. मुलींच्या झोपायच्या खोलीला लागून एक छोटी खोली होती. रिकामीच असायची.

"तुमची हरकत नसेल तर," त्या म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला.

"हरकत कसली," पाहुणे म्हणाले. किल्ली घेऊन ते जिना चढले.

मुली हात धुवायला गेल्या. मुंगी अजून बाकावरच होती. ताई तिच्याशेजारी टेकल्या, तिच्या केसांवरून हात फिरवला.

"आता तुला कुठेही जायचं नाही हं, बाळा. कळलं ना? आणि आता तोंड उघडलंच आहेस, तर मला एक सांग. इतके दिवस आम्ही हातापाया पडलो, तर खाल्लं नाहीस. मग एकदम कशी गं जेवायला लागलीस?"

मुंगीने रिकाम्या ताटात पुन्हा एकदा निरखून पाहिलं. एक कण बोटाने टिपला, तोंडात टाकला.

"आईनं ताटात अन्न टाकलं होतं, म्हणून तिला खूप मारलं," ती अगदी हळू म्हणाली. "मग ती उठलीच नाही."

वर खोलीचं दार लागल्याचा आवाज झाला. मुंगी ताठ बसली.

"ताई, बाबा आता आमच्या शेजारीच झोपणार?"