तळ्याकाठचे पाहुणे

कॅलिफोर्नियात हिवाळी पाऊस लागला, की डोंगरातले नारिंगी पोटाचे न्यूट मीनाक्षीकाकूंच्या परसातल्या तळ्यात अंडी घालायला परतायचे. पालीसारखे दिसणारे ते जीव मोजायला काकूंची मुलं, इशिता आणि परीक्षित, लहानपणी टॉर्च घेऊन तळ्याकाठी ठिय्या देत. मुलं नोकरीसाठी लांब गेली, तशा काकू दर वर्षी फॅमिली ग्रुपवर फोटो टाकू लागल्या, "पाहुणे आले रे! या की बघायला!"

यंदा रोज छत्री घेऊन वाट बघता बघता फेब्रुवारी सरला. शेवटी काकूंनी रिकाम्या तळ्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "यंदा कुणीच आलं नाही."

मिनिटभरात परीक्षितचा अंगठा आला, आणि पाठोपाठ इशिताचा मेसेज, "सो क्यूट, आई!"