दर अर्ध्या तासाला

“परत केलीस?” गिरजाबाईंनी नातीला, मैत्रीला, विचारलं.

“मी नाही केली, आजी.”

“मग काय पाइप फुटला? सात वर्षांची झालीस, तरी चड्डी ओलीच!”

रविवारी मैत्रीच्या आईने, मिनलने, कंपनीत भरते तसं चेकशीट आखलं.

९.०० : कोरडी चड्डी घातली.
९.३० : ओली.
१०.०० : बदलली. बाथरूमला जाऊन आली.
१०.३० : तरी ओली.

असं संध्याकाळी पाचपर्यंत. ‘दोष कोणाचा?’ हा शेवटचा रकाना तिने कोरा सोडला.

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. “हे लिहायला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही, सर. मी चाकणला लीक टेस्टिंगला आहे. सवय असती तर एकदम झाली असती. ही थेंब थेंब गळती आहे. जोड कुठेतरी चुकलाय.”

जोडच चुकला होता. एका मूत्रपिंडाची नळी जन्मापासून मूत्राशयात न जाता त्याच्या खाली उघडत होती. डॉक्टरांनी ऑपरेशन करून ती मूत्राशयाला जोडली.

दोन महिन्यांनी पुन्हा रविवार, पुन्हा चेकशीट.

९.०० : कोरडी.
९.३० : कोरडी.
५.०० : कोरडी.

मिनलने पेन लेकीच्या हातात दिलं. “शेवटचा रकाना तू भर.”

मैत्रीने ‘दोष कोणाचा?’ याच्या पुढे ठळक अक्षरात लिहिलं : नळीचा. मग तो कागद घेऊन ती गिरजाबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

“वाचलंस ना, आजी? मग इथे सही कर.”